बापाच्या हाती दिलेल्या गोळ्या

राइस मिलकडून उकडलेल्या धानाचा वास आला, की माझ्या औषधांच्या दुकानातला तो बाजाराचा दिवस आठवतो. कॉलेजातल्या एका पोरीनं गर्भनिरोधक गोळ्या मागवल्या होत्या. गिऱ्हाइकाच्या गावचा माणूस बाजारात दिसला की त्याच्याच हाती औषध धाडायचं, ही आपली मोठी सेवा! त्या दिवशी दिसला नेमका तिचा बाप. "कायच्या गोळ्या हायेत भाऊ ह्या?" फुकट ज्ञान वाटायची मला भारी हौस, कधी घ्यायच्या, तेही समजावलं. त्यानं गोळ्या खिशात घातल्या आणि तो निघून गेला. महिन्याभरात पोरीचं कॉलेज सुटलं, लग्न ठरलं. लग्नाच्या खरेदीला आलेली ती दुकानाच्या पायरीवरूनच म्हणाली, "भाऊ, तुमाले नुसतं चूप राह्याचं होतं."