पाठीवरची गोलाई

माझा मुलगा नागपूरला कॉलेजात बास्केटबॉल खेळतो. सुट्टीत घरी आला की खेळाबद्दल कमी आणि कपड्यांबद्दल जास्त बोलतो. अमुक कॉलेजची जर्सी भडक, तमुक कॉलेजचा आकडा फार बारीक, आमच्या जर्सीवरची पट्टी उगाच काढली. परवा त्याने मला विचारलं, "बाबा, तुमच्या वेळी जर्सी कशी होती?" मी म्हटलं, "माप लिहिलेली." त्याला ते कळलं नाही. म्हणून हे लिहितो.

पन्नास सालानंतरची गोष्ट. जिल्ह्याचं नाव तेव्हा चांदा होतं, आणि गडचिरोली त्यातच होती. मी आलापल्लीच्या बाजूला एका लाकूड डेपोत कारकून होतो. जंगलातून गाड्यांनी साग येई, त्याचे ढीग लागत, मोजणी होई आणि वर्षातून एकदा मोठा लिलाव होई. डेपोच्या बाहेर दोन चहाची दुकानं, एक शिंपी आणि भोवती जंगल. करमणूक म्हणून कोणी भजन करी, कोणी मासे धरी. मी तेव्हाही दोन्ही करत नसे.

तिथे एक नवे रेंजरसाहेब बदलून आले. ते शिकायला बाहेरच्या मुलखात होते आणि तिथून हा खेळ घेऊन आले. त्यांनी सागाचे दोन खांब रोवले, लोहाराकडून दोन कड्या करवल्या, आणि मासे धरणाऱ्या ढिवरांनी त्यांना जाळी विणून दिली. मैदानाला वारुळाची माती कुटून घातली. मग टीम झाली: साहेब स्वतः, दोन वनरक्षक, दुसरा कारकून आणि मी. पाचांची टीम लागते आणि डेपोत धावू शकणारे पाचच होते, त्यामुळे निवडीवरून भांडण झालं नाही.

लिलावाच्या आठवड्यात रेल्वेच्या गावची टीम बोलवायची ठरली. दोन्हीकडे ड्रेस पाहिजे, अशी त्यांची अट होती. ती साहेबांना मान्य होती. माझी अडचण वेगळी होती.

त्याच लिलावाला वडशाकडच्या एका ठेकेदाराचे मुनीम येणार होते आणि आपल्या मुलीसाठी मला बघणार होते. स्थळ माझ्या मामांनी आणलं होतं. आधी दोन ठिकाणांहून मला नकार आला होता, दोन्ही वेळा एकाच कारणाने: मुलगा बारीक आहे. या मुलीला मी मार्कंड्याच्या जत्रेत एकदा पाहिलं होतं. पाळण्यात डोळे मिटून बसलेल्या पुरुषांना ती खाली उभी राहून हसत होती. त्या पाळण्यात मीही होतो. वर गेलो तेव्हा एक डोळा उघडला आणि ती दिसली. हे स्थळ जाऊ नये असं मला फार वाटत होतं. आणि आता मुनीम मला पाहणार होते ते बिनबाहीच्या बनियनमध्ये. बारीक माणसाने नेमका तोच कपडा घालू नये.

पण ड्रेस हा काही माझा खाजगी प्रश्न राहिला नाही. चहाच्या दुकानात सगळ्यांना त्यावर मत होतं. खेळ कोणाला कळत नव्हता, कपडा मात्र कळत होता.

"बाह्या काऊन नाई ठेवत जी?" एका म्हाताऱ्या ठेकेदाराने विचारलं. "बगला दाखवून राह्यले काय लोकायले?"

"हात वर करा लागते नं भाऊ," वनरक्षक म्हणाला. "बॉल वर टाकाचा असते."

"मंग बाही काय हात धरून ठेवते?"

हाफपँटबद्दल क्वार्टरातल्या बायांचं म्हणणं असं आलं की नोकरीवर लागलेल्या माणसाने गुडघे झाकावेत. मैदानाच्या एका बाजूला त्यांनी बांबूचे तट्टे लावून घेतले. आपल्याला कोणी पाहू नये म्हणून, असं त्या म्हणत. तट्ट्याला भोकं ठेवली होती.

रंगावर तर दोन दिवस गेले. पांढरा मळतो. हिरवा जंगलात दिसत नाही. काळा लग्नसराईत नको. लाल रंगाला दुसरा कारकून हो म्हणाला, पण लाल कपड्यावर बैल बिथरतात आणि डेपोत बैल फार, असं गाडीवानांनी सांगितलं. शेवटी शिंप्याने निकाल लावला. त्याच्याकडे मांजरपाट होतं आणि पळस फुलला होता. फुलं उकळून त्याने सगळे बनियन पिवळे करून दिले. रंग सुरेख आला. तो पाण्याने जातो हे त्यालाही माहीत होतं आणि आम्हालाही, पण घाम हेसुद्धा पाणीच असतं हे कोणाच्या लक्षात आलं नाही.

राहिले पाठीवरचे नंबर. साहेब दौऱ्यावर निघाले होते. जीपमध्ये पाय ठेवता ठेवता त्यांनी लाकडांवर नंबर टाकणाऱ्या भाऊंना सांगितलं, "बनियनवर नंबर टाकून ठेवा, नेहमीसारखे." आणि ते गेले.

आता डेपोत नेहमीसारखे नंबर म्हणजे काय, हे सांगायला हवं. लाकूड आलं की त्याच्या कापावर, म्हणजे कापलेल्या तोंडावर, डांबराने तीन गोष्टी लिहायच्या. वर नंबर, त्याखाली लांबी, त्याखाली गोलाई, म्हणजे घेर. गोलाई लांबीच्या बरोबर मध्यावर मोजायची आणि साल सोडून मोजायची. पुऱ्या इंचाच्या वर उरलेला भाग धरायचा नाही. यातलं काही राहिलं तर ते लाकूड विकता येत नसे. भाऊंनी अनेक वर्षं असं काम केलं होतं. नुसता नंबर टाकणं त्यांच्या लेखी अर्धं काम होतं.

त्यांनी आम्हा चौघांना ढिगाजवळ उभं केलं आणि फीत काढली.

"हे कायले भाऊ?"

"साहेबानं सांगतलं. सरळ उभा राय."

लांबी डोक्यापासून टाचेपर्यंत घेतली. मग तिचा मध्य काढला. माणसाच्या लांबीचा मध्य छातीवर येत नाही, कमरेच्या खाली येतो. तिथे फीत लावून त्यांनी माझ्या धोतराकडे पाहिलं.

"साल काढ."

"भाऊ, चार माणसं हायेत इथी."

"सालीसकट मोजू काय मंग? तूच तं गाडीवानायले नियम सांगतेस."

हे खरं होतं. गाडीवान सालीसकट मोजा म्हणून भांडत, तेव्हा मीच त्यांना नियम वाचून दाखवत असे. मी धोतर सैल करून बाजूला घेतलं. गोलाई भरली दोन फूट पाच इंच आणि वर पाऊण इंच. पाऊण इंच नियमाने गेला. आमच्या डेपोत अडीच फुटाच्या आतल्या सागाला लाकूड म्हणत नसत, बल्ली म्हणत, आणि बल्ल्यांचा ढीग वेगळा लागे. धोतरासकट मी अडीच फूट होतो. पण मोजणी बरोबर होती.

माझ्यानंतर थोरल्या वनरक्षकाची पाळी आली. त्याने पँट काढली नाही, उलट पोट पुढे काढून श्वास रोखला. वनरक्षकाला साल काढ म्हणण्याची भाऊंची हिंमत झाली नाही. त्याची गोलाई तीन फूट नऊ इंच लागली.

साहेब सामन्याच्या दिवशी सकाळी परत आले. आम्ही ओळीने पाठ करून उभे राहिलो. ते एकेक पाठ वाचत गेले. मग ते म्हणाले, "ये क्या है?" भाऊ म्हणाले, "तुमचं राह्यलं साहेब. तुमी नव्हते, म्हणून नुसता नंबर टाकला. आता मोजू काय?" डांबर निघत नव्हतं आणि दुसरं कापड नव्हतं. साहेबांनी मोजून घ्यायला नकार दिला. त्यामुळे पाचांत एकट्या त्यांचा बनियन व्हायला हवा होता तसा झाला होता.

रेल्वेच्या गावचे खेळाडू आले. त्यांच्या पाठीवर साधे आकडे. त्यांचा कप्तान आमच्या पाठी नीट वाचून साहेबांना म्हणाला, "ही नवीन पद्धत आहे का?" साहेब शांतपणे म्हणाले, "हो. बाहेर आता असंच असतं." कप्तानाचा चेहरा पडला. आपण मागे राहिलो असं त्याला वाटलं असावं.

मैदानाभोवती लिलावाला आलेली सगळी माणसं बसली होती. ठेकेदार, मुनीम, गाडीवान, शेजारच्या गावचे गोंड पाटील आणि त्यांची माणसं. लाकडाचा आकडा वाचता येत नाही असा त्यात एकही नव्हता. आम्ही मैदानात उतरून पाठ फिरवली, आणि खेळ सुरू व्हायच्या आधीच बोली सुरू झाली.

"तीन नऊची गोलाई पाहाय बे! एक नंबरचा माल!"

"हा दोन पाचवाला इकडं कसा आला? बल्लीचा ढीग तिकडं हाये."

"साहेबाचं माप काऊन नाई लिवलं?"

"साहेबाचा माल बिनमापाचाच जाते भाऊ."

लोक खूप हसले. साहेबही हसले, पण त्या दिवशी त्यांनी शर्ट लवकर अंगात घातला.

गोंड पाटलांचं मत मात्र वेगळं होतं. ते आमच्या साहेबांना म्हणाले, "पाच तं माणसं हायेत. नंबर कायले? तुमाले आपल्या माणसायचे चेहरे याद राहात नाई काय?" साहेबांनी त्यांना पंचाची सोय वगैरे समजावून सांगितलं. पाटलांनी ऐकून घेतलं, पटवून घेतलं नाही.

मुनीम मामांच्या शेजारी बसले होते. मामांनी त्यांना फक्त एवढंच सांगितलं होतं, की मुलगा चार नंबर. मी रेषेजवळ बॉल टाकायला आलो, तेव्हा त्यांचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. ते सवयीने मोठ्याने वाचत होते: "चार नंबर. लांबी पाच सात. गोलाई दोन पाच." आणि मग मामांना, "बल्ली हाये जी हे."

मामा म्हणाले, "वाढते अजून."

"तेविसाव्या वर्षी? साग वाढते. माणूस नाई वाढत."

बॉल माझ्या हातातून सुटून रेल्वेवाल्यांकडे गेला. त्यानंतर मी बरा खेळलो. कोणाला दाखवायचं राहिलं नव्हतं, म्हणून असेल. तीन नऊच्या गोलाईचा वनरक्षक मध्यंतरापर्यंत धापा टाकू लागला आणि नंतर एका खांबाला टेकून उभा राहिला. ठेकेदारांनी त्याची बोली मागे घेतली. आम्ही चौदा विरुद्ध बावीस असे हरलो. मधल्या काळात घामाने पळस उतरला होता, आणि पाचही जण कानापासून गुडघ्यापर्यंत पिवळे झालो होतो. तट्ट्याच्या भोकांतून कोणी तरी म्हणालं, "अगं बाई, पाच नवरदेव!"

मी पाणी पीत होतो तेव्हा मुनीम मामांना घेऊन आले. नकार तोंडावर सांगायची पद्धत नसते, म्हणून ते का आले हे मला कळेना. ते माझ्या मागे गेले आणि पुन्हा पाठ वाचली.

"हे माप बरोबर हाये काय?"

मामांनी मला डोळ्यांनी खूण केली. अडीच फूट सांग, अशी ती खूण होती.

"बरोबर हाये," मी म्हटलं. "पाऊण इंच नियमानं गेला. सालीसकट धरलं तं अडीच भरते. पण सालीसकट धरत नाई."

"त्या तीन नऊवाल्याची?"

"त्याची सालीसकट हाये. पोटबी पुढं काढलं होतं."

लाकूड घेणारा जाणकार शेवटी एक गोष्ट करतोच. आतून पोकळ आहे का हे पाहायला तो कापावर ठोकतो आणि कान लावतो. मुनीमांनी तेच केलं. मूठ वळून माझ्या पाठीवर, लांबी आणि गोलाईच्या मधल्या जागेत, दोनदा ठोकलं, आणि वाकून कान दिला. मी श्वास धरून उभा राहिलो. मग धरलेला श्वास सोडून दिला, कारण त्याने आवाज बदलला असता.

"भरीव हाये," मुनीम मामांना म्हणाले. "बल्ली हाये, पण भरीव हाये." त्यांनी मूठ उघडली तर ती पिवळी झाली होती. तिच्याकडे थोडा वेळ पाहून त्यांनी ती धोतराला पुसली. धोतरावर डाग पडला. मामा लगेच म्हणाले, "हळद लागली म्हणा नं."

लग्न त्याच वैशाखात झालं.

पुढच्या लिलावाला रेल्वेच्या गावची टीम पुन्हा आली, ती पाठीवर लांबी आणि गोलाई लिहूनच. साहेबांची तोवर बदली झाली होती, आणि रेल्वेवाल्यांना खरं सांगायला आमच्यातलं कोणी पुढे झालं नाही. मी त्यांची मापं वाचली. एकही खरं वाटलं नाही. सगळ्यांची गोलाई तीन फुटांच्या वर होती आणि त्यातले दोघे माझ्यापेक्षा बारीक होते.

हे सगळं मी मुलाला सांगितलं तेव्हा त्याची आई तांदूळ निवडत होती. सामन्याहून तिचे वडील घरी परतले, त्या संध्याकाळचं ती सांगते. तिने आईच्या आडून विचारलं, मुलगा कसा आहे. वडील म्हणाले, लांबी पाच सात, गोलाई दोन पाच, भरीव. तिने विचारलं, आणि चेहरा? चेहरा त्यांनी पाहिलाच नव्हता. मांडवात अंतरपाट बाजूला होईपर्यंत ती पाच फूट सात इंचाला हो म्हणून बसली होती. अंतरपाट गेल्यावर तिला पाळण्यातला माणूस ओळखू आला की नाही, ते तिने मला अजून सांगितलेलं नाही.

मुलाने तिला विचारलं, "मग आई, ती जर्सी चांगली होती की वाईट?"

"रंग चांगला होता," ती सुपातून नजर वर न करता म्हणाली. "पण आकडा समोरून पाहिजे होता."