हात न लावलेली पट्टी

ताईचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. पाचला संशोधन संस्थेच्या फाटकात, सव्वापाचला जिन्यात. लिफ्ट सातनंतर. चार मजले, ब्याण्णव पायऱ्या, दोन्ही हातांत दहा-दहा लिटर शुद्ध पाण्याचे कॅन, अशा तीन खेपा. मी तिथे फिटर होतो. तो जिना मीही चढलोय.

गच्चीवर काचेची चपटी पेटी होती. आत कॉस्टिक सोड्याचं पाणी, त्यात हातभर काळी पट्टी. झाडाचं पान उन्हावर अन्न तयार करतं, तसं या पट्टीने उन्हावर इंधन तयार करायचं. ऊन पडलं की हायड्रोजनचे बुडबुडे सुटायचे आणि माझ्या पाइपातून टाकीत जायचे. काम खरंच चांगलं होतं. चीड त्याची नाही.

तिसऱ्या दिवशी पट्टीवरचा थर सुटायचा, बुडबुडे मंदावायचे. मोठे साहेब कुलपातून नवी पट्टी काढून द्यायचे. ताई उजाडायच्या आत पेटी रिकामी करायची, आठ बोल्ट सोडायची, पट्टी बदलायची, बोल्ट समोरासमोरचे जोडीने आवळायची. एका बाजूने आवळले तर काच तडकते. हे मी तिला शिकवलं. महिन्याभरात ती माझ्याहून नीट करू लागली. बोटांची सालं निघायची. हातमोजे मागितले तर साहेब म्हणाले, "रोजची देखभाल आहे, त्यात एवढं काय?"

जुन्या पट्ट्या फेकून द्यायचा हुकूम होता. ताईने फेकल्या नाहीत. "एवढी महागाची वस्तू टाकवत नाही हो," म्हणायची. पुसून, कागदात गुंडाळून गच्चीवरच्या कपाटात ठेवायची.

सात वर्षं ती रोजंदारीवर. कायम झाली की आवारात तळमजल्याची खोली मिळणार होती. तिचे वडील पायाने अधू, राहायला तिसऱ्या मजल्यावर. दोन वर्षांत एकदाच खाली उतरले, तेही खुर्चीसकट, शेजाऱ्यांच्या खांद्यावरून. ताईला ती खोली त्यांच्यासाठी हवी होती.

प्रयोगाच्या चाळिसाव्या दिवशी पैसे लावणारे पाहुणे आले. आम्ही दोघं मागे उभे, तिच्या हातात काच पुसायचं फडकं. साहेब म्हणाले, "एकच पट्टी, चाळीस दिवस, अखंड."

एका पाहुण्याने विचारलं, "मधे काहीच बदलावं लागलं नाही?"

"बदलायचं सोडा, कुणी हातसुद्धा लावलेला नाही."

"अहो साहेब," ताई म्हणाली, "मग पहाटे इथे काय भूत येतं?"

पाहुणे हसले. साहेबही हसले. "आमच्या ताई. काच पुसतात. यातलं त्यांना कळत नाही." मग तिच्याजवळ येऊन हळू आवाजात, "कायमचा कागद माझ्या टेबलावर आहे. उद्या सही करायचीय. कळलं?"

मला वाटलं, गप्प बसेल. मी तर बसलोच होतो.

ती कपाटाकडे गेली. तेरा पट्ट्या आणून पाहुण्यांच्या चहाच्या टेबलावर ओळीने मांडल्या, कपबशा बाजूला सारून. "खोटं बोलायचं तर बोला, साहेब. पण हात लावला नाही म्हणू नका. हे बघा हात."

पाहुण्यांनी एकेक पट्टी उचलून पाहिली.

पट्टी तीन दिवस चालते, एवढं खरं सांगितलं असतं तरी लोकांनी मान डोलावली असती. पण साहेबांना चाळीस हवे होते, आणि ते एका बाईच्या पाठीवरून हवे होते.

चौकशी झाली. मी तेव्हा जबाब दिला, सगळा, बोल्टांसकट. अहवालात तो नाही. अहवालात एक ओळ आहे: "रोजंदारीवरील महिलेने परवानगीविना पट्ट्या बदलल्या." म्हणजे हात लागल्याचं अखेर मान्य झालं, तिला काढून टाकण्यापुरतं. साहेब आजही त्याच खुर्चीत आहेत.

ताईने साठवलेल्या मजुरीतून गॅरेजमागची एक खोली घेतली, भाड्याने. तळमजल्याची. भिंतीला वडिलांना धरायला कठडा हवा होता. दारापासून संडासापर्यंत पाइप मी बसवला. पैसे नको म्हणालो तर उखडली.

"फुकट राबवून घ्यायला मी काय संस्था आहे?"

अनामत, पहिलं भाडं, अठरा फूट पाइप आणि माझी एका दिवसाची मजुरी. सात वर्षांच्या पहाटांतून एवढं आलं.