बाबांनी स्वतःच्या वजनातून बारदाना वजा केला

आज दवाखान्यात मी इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. तुमाला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

माझे बाबा आदिलाबादच्या कापूस बाजारात मापाडी होते. सध्या त्यांना वजन कमी करायचं आठवडी इंजेक्शन सुरू आहे. रोज सकाळी काट्यावर उभं राहून आकडा ॲपात भरायचा, तो थेट डॉक्टर मॅडमला दिसते. त्यावरून डोस ठरते.

आज मॅडम काळजीत होत्या. "काका, वजन फार झपाट्यानं उतरून राह्यलं. डोस कमी करावा लागेल." मग तिथल्या काट्यावर बाबांना उभं केलं, तर फोनपेक्षा तीन किलो जास्त!

बाबा शांतपणे म्हणाले, "बारदाना वजा केला न मॅडम. पोत्याचं वजन कापसात धरतेत का? धोतर, बंडी, चष्मा, सारं वजा. वरून सकाळी तांब्याभर पाणी पितो, तर ओल्या कापसाचं कापतेत तसं ओलाव्याचं बी कापलं."

मॅडम पोट धरून हसल्या. "काका, काटा दाखवेल तेच भरा." डोस आहे तोच राहिला. अन् बारदान्यासकट धरलं तरी आठ किलो उतरलेच आहेत!

बाहेर पायरीवर बाबांच्या चपलेचा पट्टा लावायचा होता. पोटामुळं त्यांना वाकता येत नव्हतं, म्हणून दोन वर्षांपासून मीच लावते. आज मी वाकायच्या आत बाबांनीच वाकून लावला.

"हे फोनमध्ये कुठं भरू वं?" त्यांनी विचारलं.

तिथं तसा रकानाच नाही, म्हणून इथं लिहून राह्यली. तुमच्या घरी असं काय आहे, जे कोणत्याच काट्यावर दिसत नाही?