पडदा अंधारा, बॅटरी दीड तास

भंडाऱ्याचा पोट्टा लिवाले बसला म्हणजे तुमाले वाटलं असन, आता वैनगंगा येईन, धान येईन, मंग कोणीतरी रडन. थांबा जी. यात लॅपटॉपचा ब्राइटनेस आहे. रडलं कोणीच नाही. मले शेवटी याले पाहिजे होतं, पण आलं भलतंच.

आमच्या घरी कोसा रेशमाच्या साड्यायचा माग आहे. बाबा विणतात, आई कांड्या भरते, मी कॉलेजात जातो अन् उरलेल्या वेळात लोकायच्या नकला करतो. त्या उन्हाळ्यात दोन महिन्यापासून माग रिकामा होता. खटखट नाही म्हणून आई भांडीच जोरात आपटे. अशात पुण्याच्या एका मॅडमनं बाबाले सरळ ऑर्डर द्यायचं म्हटलं. पंधरा साड्या, मधात व्यापारी नाही. फक्त व्हिडिओ कॉलवर डिझाइन दाखवाचे अन् रंग ठरवाचा.

मॅडमले वेळ शनिवारी दुपारी. अन् आमची विजेची लाइन जाते ती बी शनिवारी दुपारीच. मोबाइलवर बाबाले बारीक दिसत नाही, म्हणून ताईनं घरी टाकलेला जुना लॅपटॉप काढला. पहिल्या शनिवारी बाबानं पदर उलगडला, किनार दाखवाची बाकी होती, अन् पडदा बंद. चाळीस मिनिटात बॅटरी झोपली.

मंग मॅडमचा फोन आला. तिचा आवाज मी हुबेहूब काढतो: "अहो काका, पुढच्या शनिवारी शेवटचं बघू हं. नाहीतर मला दुसरीकडे विचारावं लागेल."

आई म्हणे, "नवी बॅटरी आण."

"मागवावी लागते. पंधरा दिवस लागतीन."

"मंग?"

"मंग सेटिंग."

"सेटिंगनं बॅटरी वाढते का बे?"

"वाढवूनच दाखवतो," मी म्हणलो. आता बोललो होतो, मांगं कसा सरकू?

वरठीले माहा एक दोस्त स्टीलच्या कारखान्यात आहे. त्याची ड्युटी सुटली का मी त्याले व्हिडिओ कॉल लावो. "बोलत राहा बे, बॅटरी संपली पाहिजे."

"तुले बॅटरी वाचवाची आहे का संपवाची?"

"वाचते का हे पाहाले संपवून राहिलो न!"

रोज एक कॉल अन् भिंतीवरचं घड्याळ. ब्राइटनेस पूर्ण वर होता, तो वीसवर आणला: पंचावन्न मिनिटं. ब्लूटूथ बंद, लोकेशन बंद. लॅपटॉप सुरू होताच अकरा प्रोग्राम आपल्या मनानं उठत होते, त्यायले निजवलं: एक तास दहा. अपडेट थांबवले, बॅटरी सेव्हर कायमचा लावला. शुक्रवारी ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये खोल एक बटन भेटलं: बॅटरीवर असताना डिस्प्लेची वीज वाचवा. ते दाबलं तसे पडद्यावरचे रंग मळल्यासारखे झाले. दोस्त तिकडून आमच्या हेडसरची नक्कल करून राहिला होता, मातीच्या तोंडाचा दिसे. पण बॅटरी एक तास पस्तीस चालली! मी कॅलेंडरच्या मांगं मोठ्या अक्षरात लिवलं.

शनिवारी लाइन गेली. कॉल लागला. बाबानं पदर दाखवला, किनार दाखवली, बुट्ट्या दाखवल्या. आई दारात उभी, नजर बॅटरीच्या आकड्यावर. एक तास वीस मिनिटांनी मॅडम म्हणाली, "काका, ऑर्डर पक्की. आधी एक नमुना करा, या ब्लाउजचा पिवळा हवा." तिनं ब्लाउजचा फोटो पाठवला अन् कॉल ठेवला. बॅटरी चौदा टक्के. आईनं मले चक्क गूळ दिला.

आता बाबायची एक रीत आहे. रंग ते घरात पाहत नाहीत. धाग्याची लडी रंगवली का अंगणात उन्हात नेतात, मंगच हो म्हणतात. त्यायनं घरातल्या जुन्या, फिक्या-गडद पिवळ्याच्या लड्या खांद्यावर टाकल्या अन् लॅपटॉप बी उचलून अंगणात नेला. उन्हात पडद्यावर त्यायले आपलंच तोंड दिसलं.

"उजेड वाढव याचा."

"नाही बाबा, बॅटरी जाईन."

"अबे, कॉल झाला न!"

"चौदाच टक्के आहे. फोटो पाहता पाहता बंद पडला त? आत चला, सावलीत साफ दिसते."

आठ दिवस वाचवली होती, अशी कशी सोडू? मी लॅपटॉप छातीशी धरून आत आलो. बाबा मांगून आले. अंधाऱ्या पडद्याजवळ एक एक लडी धरली अन् सगळ्यात गडद जुळली. "हाच," म्हणाले. रंगाची भट्टी त्यायनं ऑर्डरच्या भरवशावर सकाळीच पेटवली होती. त्या गडदावर चार कोऱ्या लड्या रंगल्या, तारेवर वाळाले पडल्या.

पाच वाजता लाइन आली. मी ऐटीत चार्जर लावला. वायर लागताच ते वीज वाचवाचं बटन सुटलं, पडदा भक्कन उजळला, रंग धुतल्यासारखे झाले, अन् ब्लाउज निघाला पिकल्या लिंबाचा पिवळा. तारेवर आमच्या लड्या, न घासलेल्या पितळेच्या रंगाच्या.

बाबा एकदा पडद्याकडे पाहत, एकदा तारेकडे.

"आई, चहा मांड न," मी हळूच म्हणलो.

"चहा कायले?" बाबाच फुटले. "चार लड्या गेल्या! गडदाचा फिका करता येते का तुह्या सेटिंगमध्ये? आता कोऱ्या चारच उरल्या घरात. मी म्हणलो होतो न उजेड वाढव म्हणून? 'नाही बाबा, बॅटरी जाईन, बॅटरी जाईन!'"

बाबानं माही नक्कल केली. पहिल्यांदाच, अन् नेमकी जमली. मले हसू फुटलं. तिथंच चुकलो.

"अन् हसून राहिला!" आई आतून ओरडली. "तीन वेळा धागा तुटला त जोडून जोडून काढलेला कोसा आहे तो!"

"उद्या सकाळी भट्टीवर तू बसशील," बाबा म्हणाले. "लडी काढली का उन्हात नेशील, मले दाखवशील. हा पिवळा जुळेपर्यंत जेवाले बसाचं नाही. अन् तो डब्बा बी उन्हात ठेव, पूर्ण उजेडात, वायर लावून. आता जर कुठं एक टक्का वाचवला न, पाय तोडीन!"