न दिसणाऱ्या ताऱ्यासाठी

मिरज स्थानकावर गाडी सुटताना आई डब्यातल्या अनोळखी बाईंना सांगत होती, “दोन वर्षांचंच काम आहे हिचं. मग परतच येतेय.” बाबा होल्डॉलचा पट्टा आवळत होते. सूर्यासारख्या एका दूरच्या ताऱ्याभोवती ग्रह सापडल्याची बातमी तेव्हा ताजी होती, आणि मी संशोधनासाठी बंगळूरच्या एका संस्थेत निघाले होते.

काम तसे रुक्ष होते: लहान, थंड, तांबड्या ताऱ्यांचे तापमान आणि वस्तुमान ठरवणे. ग्रहाच्या ओढीने तारा किंचित डोलतो. त्या डोलण्यावरून ग्रहाचे वस्तुमान काढतात. ताऱ्याचेच चुकले, तर ग्रहाचेही चुकते. मी शहरातल्या हेब्बाळ भागात खोली घेतली आणि भाजीवाल्या अण्णांशी ‘स्वल्प कमी करा’ अशा कानडी-मराठी मिश्र भाषेत घासाघीस करू लागले.

दुसऱ्या वर्षी मला मोठ्या दुर्बिणीवर निरीक्षणाची वेळ मिळाली. नेमके त्याच आठवड्यात मिरजेला पाहुणे मला बघायला येणार होते. एसटीडी बूथवरून मी नकार कळवला.

“तारे काय पळून जाणारेत?” आईने विचारले.

“माझा तारा थोड्याच दिवसांत सूर्याआड जाईल. मग थेट पुढच्या वर्षी.”

“पाहुणे पुढच्या वर्षी पुन्हा येत नसतात.”

स्थळ मोडले. वेध उत्तम मिळाले आणि संस्थेने मला पुढेही थांबायला सांगितले. तेव्हा आई स्वतः बंगळूरला आली, मला परत न्यायला.

तिन्हीसांजेला गच्चीवर म्हणाली, “दाखव तुझा तारा.”

“नुसत्या डोळ्यांना दिसत नाही तो.”

“म्हणजे ज्याच्यापायी पाहुणे परत पाठवले, तो दिसतसुद्धा नाही?”

शेवटी खोलीत येऊन मी तिला त्याच्या प्रकाशाचा आलेख दाखवला.

“हे खड्डे कसले?”

“तारा थंड आहे, म्हणून त्याच्या वातावरणात रेणू टिकतात. ते प्रकाश शोषतात.”

“सूर्याला नाहीत असे?”

“इतके नाहीत. म्हणून सूर्याच्या हिशेबाने याला मोजता येत नाही.”

तिने आलेखातल्या एकेका खड्ड्यावरून बोट फिरवले. परतण्याचा विषय तिने पुन्हा काढला नाही.

चार दिवसांनी ती एकटीच निघाली. गाडी हलताना खिडकीतून म्हणाली, “उभी राहू नकोस आता. अंधार पडायच्या आत घरी जा.”

हेब्बाळच्या त्या भाड्याच्या खोलीला तोवर आम्ही दोघीही ‘खोली’च म्हणत होतो. मी बस पकडली आणि घरी गेले.