खाली न बघणारा साहेब

कुणाच्याही दारात आला की तो आधी डोक्यावरची हॅट काढायचा. डोक्यावर हॅट नसायचीच. दोन बोटांनी हवेतली हॅट उचलायची, छातीशी धरायची, जरा वाकायचं आणि म्हणायचं, "हसा की पावणं, दात काय उसनं आणल्यात व्हय?" मयताच्या घरीसुद्धा त्याचा हात डोक्याकडं जायचा. मग तिथंच टक्कल खाजवल्यासारखं करायचा.

तुमच्यापैकी कोल्हापुरातल्या जुन्या माणसांनी त्याला बघितलंय. नाव आठवणार नाही. वगातला गोरा साहेब म्हटलं की आठवेल. गाव कुरुंदवाडकडचं, बाप वांगी पिकवायचा, पण याचा रंग गोरापान आणि डोळे घारे. तेवढ्यावर त्यानं पंचवीस वर्षं इंग्रज केला. खरा इंग्रज जन्मात बघितला नव्हता.

मी मंगळवार पेठेतला शिंपी. शिक्षण तिसरी. पण त्याच्या कंपनीचा सगळा कपडेपट माझ्या हातचा. लोक त्याला हसायचे, त्यातलं अर्धं हसू माझं होतं, हे मी आजही कुणालाही तोंडावर सांगेन. साहेबाच्या पँटचा डावा पाय मी चार बोटं आखूड करायचो. कापड कापायचो नाही, आत दुमडून शिवायचो. तीच पँट पुढं दुसऱ्या नटाला लागायची. खाली लाल मोजा. साहेब रुबाबात यायचा, हुकूम सोडायचा आणि लोक त्या मोज्याकडं बघून लोळायचे.

"मास्तर, मी खाली बघितलं की खेळ संपला," तो म्हणायचा. "साहेबाला ठावंच नसाय पायजे."

शाहूवाडीत एकदा मोज्यावर विंचू चढला होता. त्यानं खाली बघितलं नाही.

वर्षातले आठ महिने फिरती. बायको माहेरी गेली ती परत आली नाही. पुढं केबल घराघरात आली आणि वग बसले. मग तो रोज माझ्या दुकानात, मशीनशेजारच्या स्टुलावर येऊन बसायला लागला. रस्त्यानं जाणारी माणसं ओरडायची, "साहेब, मोजा दाखवा की!" हा हॅट काढायचा.

"हसत्यात आणि जात्यात, मास्तर," एकदा म्हणाला. "बस म्हणून कोण म्हणत न्हाई."

एके दिवशी कॉफी रंगाचं कापड घेऊन आला. एका मंडळानं त्याचा सत्कार ठरवला होता. शाल, नारळ, दोन शब्द.

"सूट शिवा. बरोबर मापाचा. त्या दिवशी साहेब न्हाई, मी जाणार हाय. एकदा तरी लोकांनी मला बघू दे."

दोन दिवस आधी त्यानं ट्रायल मागितली. मी म्हटलं, "पंचवीस वर्षं तुझ्या अंगाचं शिवतोय. माझं माप चुकतंय व्हय कधी? थेट त्या दिवशी घाल." त्यानं ऐकलं.

हॉल भरला होता. मी तिसऱ्या रांगेत. नाव पुकारलं आणि तो आला. सरळ, सावकाश. पहिली रांग हसली. त्याला वाटलं, मायेनं हसताहेत. हात डोक्याकडं नेला. मग सगळा हॉल फुटला. डावा पाय चार बोटं वर होता. आज लाल मोजा नव्हता, साधा पांढरा, टाचेला विरलेला.

आणि त्यानं खाली बघितलं.

लोकांना वाटलं, नवा विनोद. टाळ्या पडल्या. डोक्याकडं नेलेला हात तसाच राहिला होता.

डावा पाय दुमडायची सवय माझ्या हातात होती. हातानं डोक्याला विचारलंच नाही. एवढंच झालं होतं, आणि एवढंच मला त्याला सांगायचं होतं.

दुसऱ्या दिवशी तो आला. स्टुलावर बसला नाही. "मास्तर, मुद्दाम केलासा?"

'चुकलं' हा शब्द मी धंद्यात कधी उच्चारला नव्हता. मी सुईत दोरा ओवत राहिलो. म्हटलं, "लोक हसली न्हवं? मग?"

"व्हय," तो म्हणाला. "हसली." हॅट न काढताच गेला.

त्याची खोली दुकानापासून दहा मिनिटांवर. मी म्हटलं, तो येईल. स्टूल कुणाला हलवू दिलं नाही. पावसाळा गेला, दिवाळी गेली. शेवटी त्याच्या शेजारचा सायकलवाला मुल्ला आला. म्हणाला, "मास्तर, साहेब गेले. काल माती झाली. कुणाला कळवायचं, आम्हाला ठावं नव्हतं."

मी खोलीवर गेलो. खिळ्याला सूट होता. पँटचा डावा पाय उलगडून उजव्याबरोबर केलेला. घरातल्याच सुईनं, पांढऱ्या दोऱ्यानं, वेडेवाकडे टाके घातलेले. एक टाका मोठा, एक बारीक, एक दोनदा मारलेला. मला दहा मिनिटांचं काम होतं. त्याला किती दिवस लागले असतील कुणास ठाऊक.

मुल्ला म्हणाला, "सणासुदीला घालून दारात उभं राहायचे."

ती पँट मी आणली. स्टुलावर घडी करून ठेवलीय. एवढी वाईट शिलाई माझ्या दुकानात कधी राहिली नव्हती. गिऱ्हाइकं विचारतात, मास्तर, हे तुमच्या हातचं?

मी त्यातला एकही टाका उसवलेला नाही.