हुकावर नसलेली चावी

आमच्या बाल्कनीत तुळशीशेजारी सावलीला रंगाची एक जुनी बादली आहे, अर्धी वाळूनं भरलेली. त्या वाळूत मोटरसायकलची मेलेली बॅटरी पुरून ठेवलीय. भंगारवाला ती घेत नाही. शिशाची असती तर हसत हसत वजनावर नेली असती, पण ही लिथियमची. "आग लगेगी, माशीमा," म्हणतो (मावशीला इकडे माशीमा म्हणतात) आणि हात मागे घेतो. सोसायटीचा कचरेवालाही घेत नाही. रोज सकाळी तुळशीला पाणी घालताना ती बादली दिसते आणि माझा दिवस तिथूनच नासतो.

बॅटरी मुलाच्या गाडीची. ह्यांची बँकेतली शेवटची बदली कोलकात्याला झाली होती. बरोबरीचे सगळे निवृत्त झाल्यावर पुण्याला परतले. आम्ही मागे राहिलो, कारण मुलाला इथेच न्यू टाउनमध्ये नोकरी लागली होती. "आई, आता इथेच घर घेऊ," म्हणाला. घेतलं, फंडाचे सगळे पैसे ओतून घेतलं. आणि तीन वर्षांत स्वारी निघाली जर्मनीला! "दोनच वर्षं गं." दोनाची पाच झाली. मागे राहिलो आम्ही दोघं, आणि खाली पार्किंगमध्ये कापडाखाली झाकलेली त्याची मोटरसायकल.

मला गाडीतलं डोंबल कळत नाही. पण गाडी इथे आहे तोवर तो परत येणार, असं मी मनाशी धरून बसले होते. कोणी विचारलं तर सांगायचे, "अहो, येणारच आहे, गाडीसुद्धा ठेवून गेलाय." लोक माना डोलवायचे. मलाही ते खरं वाटायचं.

बॅटरी त्यानंच हौसेनं बसवलेली. एवढीशी, पोह्यांच्या डब्याएवढी, वजनाला किलोभर साखरेहून जास्त नाही. जाताना त्यानं ह्यांना बजावलं होतं, की दर शनिवारी गाडी सुरू करा, जुन्या चार्जरला लावू नका, आणि बॅटरी पूर्ण उतरू देऊ नका, ही एकदा उतरली की संपली. मी ते ऐकलं नाही. मी स्वयंपाकघरात त्याच्यासाठी मेतकूट बांधत होते. ह्यांनी मात्र पाच वर्षं एक शनिवार चुकवला नाही. खाली जायचं, गाडी सुरू करून सोसायटीत दोन फेऱ्या मारायच्या, वर येऊन चावी दाराजवळच्या हुकाला लावायची आणि मग कॅलेंडरवर पेन्सिलीनं खूण करायची. आधी चावी, मग खूण.

गेल्या वर्षी गणपती गेले आणि चार दिवसांनी त्याचा फोन आला. "बाबा, ती गाडी विकून टाका आता. उगाच कशाला पडून?" मी पोळ्या लाटत होते. इकडच्या तिकडच्या गप्पांत, सहज बोलला. आपण परत येणार नाही हे त्यानं आम्हाला असं कळवलं.

मी भांडले. पितृपक्ष लागलाय, वाहनाचा व्यवहार करू नये, म्हटलं. हे म्हणाले, "घेऊ नये म्हणतात. विकायला कोणी अडवलंय?" जन्मभर बँकेत काढलेला माणूस, नियमातली फट बरोबर सापडते. आठवड्याभरात गिऱ्हाईकही आलं. एस्प्लनेडच्या कुठल्याशा ऑफिसात काम करणारा एक तरुण, त्याला दुर्गापूजेच्या आधी गाडी हवी होती. इंजिनाचा आवाज ऐकूनच खूश झाला. "मेशोमशाय, रविवारी दहा वाजता मिस्त्रीला घेऊन येतो," ह्यांना म्हणाला.

शनिवारी सकाळी हे खाली जाऊन गाडी सुरू करून आले. चावी लावली, खूण केली. दुपारी जेवून झोपले. मी हुकावरची चावी काढली आणि खाली गेले.

सोलापूरला बदली होती तेव्हा आमची एक जुनी स्कूटर होती. तिची बॅटरी वरचेवर उतरायची. दुकानात रात्रभर ठेवली की सकाळी पुन्हा ठणठणीत. तेवढंच मला माहीत. गाडी सुरू झाली नाही की गिऱ्हाईक परत जाईल, मग हे बॅटरी चार्ज करून आणतील, तोवर मी मुलाशी बोलेन, हा माझा हिशेब. चावी फिरवली. दिवे लागले. वरून कापड टाकलं, घरी आले आणि चहा टाकला. रविवारी पहाटे दूध आणायला जाताना चावी काढून आणायची असं ठरवलं होतं. आणि नेमका त्याच सकाळी मला उशीर झाला. साडेसातलाच बेल वाजली. दहाला येणारा माणूस दुपारी सासऱ्यांकडे जायचंय म्हणून लवकर आला होता. मी न्हाणीत होते.

कशीबशी साडी गुंडाळून खाली पोचले तर कापड बाजूला पडलेलं, चावी गाडीलाच, आणि दिवे विझलेले. मिस्त्रीनं मीटर लावलं, बॅटरीच्या फुगलेल्या पोटावर अंगठा दाबला आणि मान हलवली. "ही मेली. चार्जला लावू नका, पेटेल."

हे चावीकडे बघत होते. "मी वर लावली होती," म्हणाले. "खूण केलीय मी. लावल्यावरच खूण करतो ना गं मी?"

तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. उघडलं, आणि काय म्हणाले? "मला काय विचारता? गाडीचं सगळं तुम्हीच तर बघता!" चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

ह्यांचे थोरले भाऊ शेवटची चार वर्षं स्वतःच्या लेकीला ओळखत नव्हते. तेव्हापासून ह्यांना एकच धास्ती. शब्दकोड्यातला एक शब्द अडला तरी चेहरा उतरतो. हे त्यांनी मुलाला सांगितलेलं नाही, डॉक्टरला सांगितलेलं नाही. फक्त मला सांगितलेलं आहे.

संध्याकाळी मुलगा फोनच्या पडद्यावर. "बाबा, एकच गोष्ट सांगितली होती तुम्हाला." मग आवाज खाली आणून मला म्हणतो, "आई, गॅसकडे आता तूच लक्ष ठेव." जसे काही बाबा तिथे नाहीतच! माझा असा संताप झाला. पाच वर्षांत एकदा येऊन गेलास, तू कोण रे गॅसचं सांगणारा? पण संतापून बोलायचं तर सगळंच बोलावं लागलं असतं. मी फोन ठेवला.

मंगळवारी हे बॅटरी कापडी पिशवीत घालून निघाले, चांदनीच्या बाजारात कोणी जिवंत करून देतो का बघायला. "तू चल बरोबर," म्हणाले. ह्या माणसानं अख्खं कोलकाता एकट्यानं पालथं घातलेलं आहे. "मी एकटा नको," म्हणाले. बसमध्ये मी त्यांच्यावर उगाचच चिडचिड केली, कंडक्टरवर केली, उन्हावर केली.

पाच दुकानं फिरलो. प्रत्येक दुकानदार बॅटरी बघून हात झटकायचा आणि विचारायचा, अशी कशी झाली? आणि हे आपल्या मोडक्या बंगालीत सांगायचे, "आमार भूल. चावी चालू राहिली." पाच वेळा. मी शेजारी पर्स छातीशी धरून उभी. शेवटच्या दुकानातला म्हातारा भला होता. बॅटरी वाळूत ठेवा, उन्हात नको, म्हणाला. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "माशीमा, ह्यांना जपा." मी त्याला बरं म्हटलं.

आणि एवढं करून मिळवलं काय? त्याच आठवड्यात त्या तरुणानं स्वतःची नवी बॅटरी आणून बसवली, आणि पितृपक्ष संपायच्या आत गाडी घेऊन गेला. मुलगा म्हणाला, "चला, सुटलो."

घरात मग चिठ्ठ्या लागल्या. गॅसपाशी, गीझरपाशी, दाराच्या आतल्या बाजूला. ह्यांचं सुबक बँकेतलं अक्षर. ती शनिवारची खूण त्यांनी खोडरबरानं पुसून टाकली. अहो, खरी होती ती खूण! रोज मी ठरवायचे, आज सांगते. सांगितलं तर त्यांना हायसं वाटेल हे कळत होतं. पण त्या पाच दुकानांत मी तोंड शिवून उभी होते, हेही सांगावं लागलं असतं. ते माझ्यानं होईना.

दसऱ्याला आमच्याकडे शस्त्रं म्हणून सुरी, कात्री, ह्यांचं पेन आणि गाडीची चावी पाटावर मांडतात. त्या वर्षी मोटरसायकलची चावी नव्हती. आरती झाली. ह्यांनी पाटावर घराच्या, लॉकरच्या, कपाटाच्या अशा सगळ्या किल्ल्या ठेवल्या होत्या. हळदकुंकू लागलेला तो जुडगा उचलून त्यांनी माझ्या हातात दिला.

"तुझ्याकडेच राहू दे आता हे," म्हणाले. "तू काही विसरत नाहीस."

मी किल्ल्या घेतल्या. पदराच्या टोकानं जुडग्यावरचं कुंकू पुसलं, आणि पानं वाढायला घेतली.